आंद्रिच कोणाचा?

आमच्या पिढीच्या भारतीयांना युगोस्लाव्हिया हा देश माहीत होता तो मार्शल टिटोंमुळे. नेहरू, नासर आणि टिटो हे त्रिकूट आम्ही वर्तमानपत्रांतल्या फोटोंत पाहिलेले. अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद कुठे झाली, असे शाळेत विचारले की 'बेलग्रेड, १९६१' हे उत्तर आम्ही एका दमात देत असू. त्याच वर्षी, परिषद संपून दोन महिने होण्याच्या आत, त्या देशातल्या एका लेखकाला साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, हे मात्र कोणी सांगितले नाही. ईवो आंद्रिच हे नाव मी प्रथम वाचले ते तीस वर्षांनी, तो देश मोडत असताना, सेंट लुईसच्या सार्वजनिक वाचनालयात.

आंद्रिचची 'द्रीना नदीवरील पूल' ही कादंबरी आपल्यापैकी काहींनी इंग्रजीतून वाचली असेल. मला आज लिहायचे आहे ते मुख्यतः त्याच्या एका कथेविषयी. 'सन १९२० चे पत्र' हे तिचे नाव. कथा छोटी आहे, तासाभरात वाचून होते. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा चुकीची वाचली. माझ्यासारखीच ती पुष्कळांनी चुकीची वाचली, आणि त्यांत मोठमोठे मुत्सद्दी आणि पत्रकारही होते. त्यामुळे ही चूक माझ्यापुरती राहत नाही.

आधी त्या देशाची मांडणी थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर लेखाच्या शीर्षकातला प्रश्न कळणार नाही. टिटोंच्या युगोस्लाव्हियात सहा प्रजासत्ताके होती: स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसिडोनिया. शिवाय सर्बियाच्या पोटात व्होयव्होदिना आणि कोसोव्हो हे दोन स्वायत्त प्रांत. सात शेजारी, सहा प्रजासत्ताके, पाच राष्ट्रे, चार भाषा, तीन धर्म, दोन लिप्या आणि एक टिटो, असे तिथले लोक उतरत्या भाजणीने सांगत.

आपल्याला हे चित्र ओळखीचे वाटते. भाषावार प्रांतरचना, संयुक्त महाराष्ट्र, १ मे १९६० हे सगळे घरात ऐकत आम्ही मोठे झालो. पण इथेच आपण फसतो. आपली राज्ये भाषेच्या रेघेवर आखली गेली. तिकडे स्लोव्हेनिया आणि मॅसिडोनिया यांच्या भाषा वेगळ्या होत्या खऱ्या, पण उरलेल्या चार प्रजासत्ताकांतले बहुसंख्य लोक एकच भाषा बोलत. १९५४ साली नोव्ही साद इथे जमलेल्या लेखकांनी आणि भाषापंडितांनी तसा करारही केला, आणि त्यावर सही करणाऱ्यांत आंद्रिच होता. दुधाला बेलग्रेडमध्ये 'म्लेको' म्हणायचे आणि झाग्रेबमध्ये 'म्लियेको', एक सिरिलिक लिपी जवळची मानणार आणि दुसरा रोमन, एवढाच काय तो फरक. आज त्याच भाषेच्या चार अधिकृत भाषा झाल्या आहेत: सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि माँटेनेग्रिन. म्हणजे आपल्याकडे भाषेमुळे राज्ये झाली, आणि तिकडे राज्यांमुळे भाषा.

प्रत्येक प्रजासत्ताक एकेका 'राष्ट्रा'चे घर मानले होते. राष्ट्र म्हणजे इथे लोकसमूह. अपवाद एकच, बोस्निया. तिथे मुसलमान, ऑर्थोडॉक्स सर्ब आणि कॅथलिक क्रोएट असे तिघे होते आणि घर कोणा एकाचे नव्हते. बोस्नियातल्या मुसलमानांना तर स्वतंत्र 'राष्ट्र' म्हणून मान्यता मिळायला १९६८ साल उजाडले. जनगणनेत 'मी फक्त युगोस्लाव्ह' असे लिहायचीही सोय होती. १९८१ साली सुमारे बारा लाख माणसांनी तसे लिहिले. लोकसंख्येच्या साडेपाच टक्क्यांच्या आतच ती भरली.

आता आंद्रिचला या सहा खणांत कुठे बसवायचे ते पाहा. जन्म १८९२ चा, बोस्नियातल्या त्राव्हनिकजवळचा. आईवडील कॅथलिक, म्हणजे क्रोएट. वडील लवकर वारले आणि मुलगा विशेग्राद या द्रीनाकाठच्या गावात नातलगांकडे वाढला. सुरुवातीच्या काही कविता १९१४ साली तरुण क्रोएशियन कवींच्या संग्रहात छापून आल्या. त्याच वर्षी आर्चड्यूक फर्डिनांडचा सारायेव्होत खून झाला, आणि क्रांतिकारक तरुणांशी संबंध म्हणून ऑस्ट्रियाच्या सरकारने त्याला तुरुंगात टाकले. पुढे तो बेलग्रेडला गेला, सर्बियन धाटणीत लिहू लागला, राजाच्या परराष्ट्र खात्यात चढत चढत १९३९ साली बर्लिनला वकील झाला. जर्मनांनी देश व्यापल्यावर बेलग्रेडमधल्या एका भाड्याच्या खोलीत बसून त्याने तीन कादंबऱ्या लिहिल्या, आणि युद्ध संपल्यावर १९४५ साली त्या प्रसिद्ध झाल्या. नोबेलच्या मानपत्रात त्याने आपल्या देशाच्या इतिहासातून विषय घेतल्याचे म्हटले आहे. कोणत्या देशाच्या, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. आज क्रोएशिया म्हणतो जन्माने आमचा, सर्बिया म्हणतो स्वतःच्या निवडीने आमचा, आणि बोस्नियात निम्मे म्हणतात विषयाने आमचा, तर निम्मे म्हणतात आमचा मुळीच नाही, तो आमच्या विरुद्ध होता. पारितोषिकाची रक्कम त्याने बोस्नियातल्या वाचनालयांना दिली. माझ्यापुरता तरी हा पुरावा पुष्कळ आहे, पण वाद असा मिटत नाही.

तर ते 'पत्र'. १९२० चा मार्च, मध्यरात्र उलटलेली, एका रेल्वे स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत निवेदक उभा आहे. तिथे त्याला सारायेव्होच्या शाळेतला जुना मित्र भेटतो, मॅक्स लेवेनफेल्ड. डॉक्टरचा मुलगा, आता स्वतः डॉक्टर, महायुद्धातून नुकताच सुटलेला. वडिलांचे ग्रंथालय, त्यातली जर्मन पुस्तके, दोघांनी मिळून केलेले वाचन, सगळ्या आठवणी निघतात. मॅक्स सांगतो की मी बोस्निया कायमचा सोडतो आहे. का, हे सांगण्याआधी गाडी येते. काही दिवसांनी त्याचे लांबलचक पत्र येते आणि तेच कथेचे पोट आहे. बोस्निया सुंदर आहे, तिथली माणसे शूर, प्रेमळ आणि निष्ठावान आहेत, पण त्या सगळ्याच्या खाली द्वेष आहे. तो कोणाला दिसत नाही आणि म्हणूनच धोक्याचा आहे, असे मॅक्सचे निदान. मग तो सारायेव्होतल्या रात्रीचे वर्णन करतो. कॅथलिक कॅथेड्रलच्या घड्याळात दोनचे टोले पडतात. मिनिटभराहून थोडा जास्त वेळ जातो आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे घड्याळ आपले दोन वाजवते. त्यानंतर मशिदीजवळचा मनोरा तुर्की हिशेबाने अकरा वाजवतो. ज्यूंना वाजणारे घड्याळच नाही. सगळे झोपलेले असतानासुद्धा शहराला एक वेळ मान्य नाही.

मी हे वाचले १९९३ च्या सुरुवातीला. सारायेव्होला वेढा पडून वर्ष होत आले होते. रोज संध्याकाळी टीव्हीवर तेच. आणि त्याच आठवड्यांत मुंबईहून दंगलीच्या बातम्या येत होत्या. ज्या गल्ल्यांतून मी शाळेत गेलो त्यांची नावे अमेरिकन निवेदकाच्या तोंडून, मोडक्या उच्चारांत. फोन लागत नव्हते. लागले तेव्हा सगळे सुखरूप असल्याचे कळले. मग मी दादाला पत्र लिहिले, सहा पानांचे. आंद्रिचच्या घड्याळांची गोष्ट त्यात घातली. आपल्या मातीतच हे आहे, रक्तातच आहे, मी सुटलो ते बरे झाले, तूही मुलांना इकडे पाठव, असे बरेच काही होते. लिहून झाल्यावर फार हलके वाटल्याचे आठवते.

दादाचे उत्तर महिन्याने आले. एक आंतरदेशीय पत्र मावेल एवढाच मजकूर, पण एअरमेलच्या पाकिटात. तुझे पत्र मिळाले. पाणी हल्ली पहाटे साडेपाचला येते. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून रात्रीचे पहारे लावले होते, ते आता बंद केले. कोपऱ्यावरचा बेकरीवाला आमच्याकडे नऊ दिवस होता, त्याची बेकरी पुन्हा सुरू झाली आहे, ब्रून मिळतो. माझ्या सहा पानांबद्दल एक शब्द नव्हता. मला राग आला होता.

त्या काळात मी एकटाच असा वाचक नव्हतो. बाल्कन प्रदेशातले लोक हजार वर्षे एकमेकांचा द्वेष करत आले आहेत, तिथे बाहेरच्यांनी काय करायचे, हे त्या वर्षांत पश्चिमेतल्या राजधान्यांचे आवडते वाक्य होते. बोस्नियाची फाळणी व्हावी असे म्हणणारे सर्ब पुढारी आंद्रिचचा हवाला देत. बघा, तुमच्या नोबेलवाल्यानेच सांगून ठेवले आहे! दुसरीकडे विशेग्रादमधले आंद्रिचचे स्मारक १९९१ सालीच फोडले गेले होते, तेही त्याने मुसलमानांची निंदा केली या रागातून. दोन्ही बाजूंचे वाचन एकच होते. एकाला ते आवडले आणि दुसऱ्याला नाही, एवढेच.

माझे वाचन बदलले ते एका बाईंमुळे. सेंट लुईसमध्ये १९९३ पासून बोस्नियन निर्वासित येऊ लागले आणि बघता बघता अमेरिकेतली त्यांची सर्वांत मोठी वस्ती आमच्या शहरात झाली. दक्षिण भागातल्या ओस पडलेल्या विटांच्या घरांत दिवे लागले, कॉफीची दुकाने निघाली. आमच्या रस्त्यावर राहायला आलेल्या या बाई विशेग्रादकडच्या. तिकडे शाळेत साहित्य शिकवत, इथे वृद्धाश्रमात काम करत. इंग्रजी बेताचे पण नेमके. ओळख वाढल्यावर, आपण त्यांच्याबद्दल काही जाणतो हे दाखवायच्या हौसेने, मी 'पत्र' वाचल्याचे सांगितले. घड्याळांचे वर्णनही केले.

त्यांनी विचारले, "ते पत्र कोणी लिहिलं आहे?"

"आंद्रिचने."

"नाही. मॅक्सने. शाळेत आम्ही मुलांना पहिला प्रश्न हाच विचारायचो. निम्मी मुलं तुमच्यासारखंच उत्तर द्यायची."

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमचं घर द्वेषाने जाळलं नाही. जाळायला आले होते त्यांची नावं मला ठाऊक आहेत. त्यातल्या एकाला मी शिकवलं होतं."

मी घरी येऊन कथा पुन्हा काढली. मॅक्सचे पत्र हे कथेचे पोट असले तरी कथा तिथे संपत नाही. शेवटी एक लहान पुरवणी आहे आणि पहिल्या वाचनात मी ती भराभर उलटली होती. निवेदक पत्राला उत्तर देत नाही. तो मॅक्सचे पुढे काय झाले तेवढे सांगतो. मॅक्स पॅरिसला गेला. तिथल्या उपनगरात त्याने दवाखाना काढला आणि आपल्याच देशातून आलेल्या मजुरांना तो फुकट तपासत असे. स्पेनमध्ये यादवी सुरू झाल्यावर तो प्रजासत्ताकाच्या बाजूने स्वयंसेवक म्हणून गेला. १९३८ साली एका लहान गावातल्या इस्पितळावर विमानांनी बाँब टाकले, त्यात रुग्णांबरोबर मेला. द्वेषापासून पळालेल्या माणसाचा असा अंत झाला, एवढे नोंदवून निवेदक थांबतो.

ही पुरवणी पत्राला उत्तरच आहे. द्वेष हे बोस्नियाचे खास पीक असते, तर मॅक्स स्पेनमध्ये, युरोपच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याच हातून मेला नसता. आणि निदान करताना इतका निर्विकार असलेला हा डॉक्टर ज्यांच्यापासून सुटायचे होते त्याच लोकांची पॅरिसमध्ये फुकट सेवा करत राहिला, हेही पत्राच्या मजकुरात बसत नाही. घड्याळांचा उतारा पुन्हा वाचताना आणखी एक गोष्ट जाणवली. मॅक्स ते अंथरुणात पडून ऐकतो आहे, रात्री दोन वाजता. शहर सकाळी दुकाने कशी उघडते, उधारी कोण कोणाला देते, हे त्या खोलीतून दिसत नाही.

अर्थात मास्तरीणबाईंचे सगळे मला पटले असे नाही. मॅक्स म्हणजे आंद्रिच नव्हे, हे खरे. पण तो आंद्रिचला अगदी परकाही नाही. १९२४ साली ग्रात्स विद्यापीठात त्याने डॉक्टरेटसाठी लिहिलेल्या प्रबंधात तुर्की अमदानीने बोस्नियाच्या आत्मिक जीवनावर काय परिणाम केला याचा विचार आहे, आणि त्याचा निवाडा फार कठोर आणि एकांगी आहे. तिथे मागे लपायला पात्र नाही, स्वतः लेखक बोलतो. त्याच्या हयातीत तो प्रबंध छापला गेला नाही, तरी लिहिला होता हे नाकारता येत नाही. बोस्नियन समीक्षकांचा संशय निराधार नाही.

'द्रीना नदीवरील पूल' मध्येही तो संशय घ्यायला जागा आहे. कादंबरीभर स्थानिक मुसलमानांना 'तुर्क' म्हटले आहे, जणू ते कुठून तरी आलेले. ते त्याच खोऱ्यातले, तीच भाषा बोलणारे होते. त्या काळचा शब्द तोच होता, असे समर्थन होते, पण १९४५ साली लिहिणाऱ्या निवेदकाला दुसरा शब्द मिळाला असता. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही खोड पटकन ओळखू यायला हवी. सुरुवातीला पुलाच्या बांधकामात अडथळा आणणाऱ्या राडिसाव नावाच्या शेतकऱ्याला सुळावर चढवण्याचा प्रसंग आहे. पाने संपतात तरी तो मनातून जात नाही. ताकदीचा खरा, पण युद्धाच्या काळात कोणाच्या हाती पडला की त्याचे काय होईल, हे सांगायला नको.

आणि तरी हीच कादंबरी पत्राला खोडून काढते. पूल खराच आहे. वजीर मेहमेद पाशा सोकोलोविचने तो बांधवला. १५७७ साली काम पूर्ण झाले, रचना सिनान या थोर वास्तुशिल्पकाराची, कमानी अकरा. हा वजीर म्हणजे त्याच भागातल्या एका ख्रिस्ती घरातून लहानपणी करापोटी उचलून इस्तंबूलला नेलेला मुलगा. कादंबरीत, नदी ओलांडताना झालेली ताटातूट त्याच्या छातीत कायमची कळ होऊन राहते आणि ती शमवायला तो तिथेच पूल बांधतो. गावी देऊळ, शाळा, पाण्याची टाकी बांधून देणारे आपल्यातले अनेकजण ही कळ ओळखतील. फरक हा की आपल्याला कोणी टोपलीत घालून नेले नव्हते. पुलाच्या मधोमध दगडी बैठक आहे. तिथे तिन्ही धर्मांचे लोक पिढ्यान् पिढ्या कॉफी पीत बसतात, भांडतात, सौदे करतात. मनाविरुद्ध ठरलेल्या लग्नाच्या वरातीतून जाताना फाता याच ठिकाणाहून नदीत उडी घेते. ते प्रकरण जात्यावरच्या ओवीसारखे वाटते. कादंबरीतले सर्वांत जिव्हाळ्याचे पात्र म्हणजे अलीहोजा हा मुसलमान दुकानदार. १८७८ साली ऑस्ट्रियन सैन्य येत असताना लढणे मूर्खपणाचे आहे असे तो स्पष्ट म्हणतो, म्हणून त्याचा कान त्या पुलावर खिळ्याने ठोकला जातो. ठोकणारेही मुसलमानच. ज्याला मुसलमानांचा नुसता द्वेष करायचा आहे तो लेखक असे पात्र लिहीत नाही, आणि १९१४ साली पूल उडवला जातो तेव्हा कादंबरीचा शेवटचा श्वास त्याच्या छातीत ठेवत नाही.

सहा प्रजासत्ताकांचा संसार का मोडला याची कारणे घड्याळांच्या टोल्यांत शोधावी लागत नाहीत. ती तारखांसकट उपलब्ध आहेत. १९७४ च्या घटनेने प्रजासत्ताकांना जवळजवळ राज्यांची राज्ये केले. टिटो १९८० साली गेले. परदेशी कर्ज वीस अब्ज डॉलरच्या घरात गेले होते आणि १९८९ साली महागाईने चलनाचा कागद केला. त्याच वर्षी मिलोशेविचने कोसोव्होची स्वायत्तता काढली. जानेवारी १९९० मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनातून स्लोव्हेनियाचे प्रतिनिधी उठून गेले. मग १९९० साली प्रत्येक प्रजासत्ताकात वेगवेगळ्या बहुपक्षीय निवडणुका झाल्या. सगळ्या देशाची एक निवडणूक कधी झालीच नाही. जो तो आपापल्या खणात मते मागत होता, आणि खणात मते मागायला शेजारच्या खणाची भीती घालण्याइतके सोपे साधन नाही. जून १९९१ मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया बाहेर पडले. ज्या बोस्नियाला एकाचे घर म्हणता येत नव्हते त्याला सर्वांत जास्त किंमत मोजावी लागली.

विशेग्रादमध्ये १९९१ साली बहुसंख्य मुसलमान होते. पुढच्या वर्षी वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत त्यांना मारले किंवा हाकलले गेले. त्याच पुलावर माणसे मारून नदीत टाकली गेली, घरांत कोंडून जाळली गेली. हेगच्या न्यायालयाने २००९ साली तिथल्या एका टोळीच्या म्होरक्याला जन्मठेप दिली. निकालपत्रात 'शतकांचा द्वेष' आरोपीच्या पिंजऱ्यात नाही. रस्ते आहेत, तारखा आहेत, माणसे आहेत. मुंबईच्या दंगलीवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला, तेव्हा त्यातही ठाणी, वेळा आणि नावे होती, आणि माझ्या सहा पानांत यातले काही नव्हते. दादाच्या पत्रात निदान बेकरीवाला होता.

आता त्या गावात पुलापासून थोड्या अंतरावर आंद्रिचग्राद आहे. चित्रपट दिग्दर्शक एमीर कुस्तुरित्साने बांधलेले, २८ जून २०१४ रोजी थाटाने उघडलेले एक दगडी नकली शहर. ज्यांना मारले त्यांच्याबद्दल तिथे चकार शब्द नाही. मी फोटो आणि चित्रफिती पाहिल्या आहेत. आंद्रिचला एका खणात बसवायचा हा सर्वांत खर्चिक प्रयत्न असावा, आणि लेखक म्हणून त्याचा यात सर्वांत जास्त अपमान झाला असे मला वाटते. स्मारक फोडणाऱ्याने त्याला निदान वाचून राग तरी धरला होता.

बाईंकडे आंद्रिचच्या समग्र साहित्यातला एक खंड आहे, १९८१ चा. सारायेव्होतल्या बहिणीने युद्ध संपल्यावर तिच्याकडचा पाठवला. त्यांची स्वतःची पुस्तके घराबरोबर गेली. मला भाषा येत नाही म्हणून त्यांनी मुखपृष्ठानंतरचे पान बोटाने वाचून दाखवले. सहा प्रकाशकांनी मिळून ती आवृत्ती काढली होती, प्रत्येक प्रजासत्ताकातला एक. सारायेव्हो, बेलग्रेड, झाग्रेब, ल्युब्लियाना, स्कोप्ये, टिटोग्राद. आता या सहा वेगवेगळ्या देशांच्या राजधान्या आहेत. टिटोग्रादला १९९२ पासून पुन्हा पॉडगोरिसा म्हणतात. बाईंनी ते नाव वाचताना 'टिटोग्राद' असेच वाचले, आणि पान उलटून 'पत्र' कुठे आहे ते शोधू लागल्या.